इनासनं बसवलेली माणसं

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच नावानं बोटं मोडत होतो. दोहाच्या बिन महमूद भागातल्या आमच्या ऑफिसात त्याचा नकाशा रखडला होता आणि साहेब मला झापून गेले होते. इनास माझा मेहुणा, रेजिनाचा धाकटा भाऊ. नोकरीला मीच चिकटवलेला. सकाळी आंघोळीला गेला, तो बाहेर आलाच नाही…

युरोपातल्या खेड्यांत बंद पडलेली चर्च विकली जातात. कुणी त्यांत घर करतं, कुणी वाचनालय. आतली मांडणी आम्ही दोहात बसून काढतो. त्यातलं एकही चर्च आम्ही दोघांनी पाहिलेलं नाही. नवं काम आलं की इनास स्क्रीनवर आधी बाकं मांडायचा, बाकांवर माणसं बसवायचा. टोपीवाली म्हातारी, तान्हं घेतलेली बाई. मग एकेक पुसून तिथं फर्निचर.

“अरे, गिऱ्हाईक सोफा मागतंय, तू प्रार्थनेची मिस्सा कशाला भरवतोस?”

“भावोजी, इथं शुक्रवारच्या सुट्टीला चर्चमध्ये आपल्याला उभं राहायला जागा नसते, तिथं बाकं ओस. कोण बसत असेल ते तरी बघू द्या. तसाच कुणाच्या अंगावर सोफा ठेवू?”

“यल्ला, आवर!” मी म्हणायचो. कामचुकारपणाला एवढं धार्मिक कारण मी दुसरं ऐकलं नव्हतं.

त्याला वसईच्या मातीत ठेवून परतलो, तर त्याची तीच रखडलेली फाइल माझ्याकडे आली. गुरुवारी द्यायची. उघडली… सगळी माणसं बसलेलीच. तिथं बेडरूम यायची होती. सगळी पुसणं एका बटणाचं काम. आणि मी, ऑफिसातला स्वयंघोषित सर्वांत जलद माणूस, दोन दिवस चहा पीत, खुर्ची सरकवत, एसी कमी-जास्त करत राहिलो. बुधवारी लॅपटॉप अल हिलालमधल्या आमच्या घरी आणला. तिथंही तेच. रेजिना मागे येऊन उभी राहिली.

“इनासनं बसवलीत?”

“हो. आता मला उठवायचीत.”

ती खुर्ची ओढून शेजारी बसली. बराच वेळ बघत राहिली.

“एकदम नका पुसू. पुढच्या बाकापासून, ओळीनं. मिस्सात ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठतात तशी.”

मी पहिलं बाक रिकामं केलं. मग दुसरं. म्हातारी गेली, तान्हं गेलं. घाई करायला तोंडात आलेलं ‘यल्ला’ गिळलं. शेवटचं बाक रिकामं झालं आणि वळून पाहिलं, तर रेजिना हात जोडून उभी होती. मीही उठलो. बेडरूम अजून आखायची होती… पण बसवेना.