दहाव्या फेरीतला उपग्रह

माझ्या लंडनमधल्या हॅरोच्या घरात वरच्या खोलीत शशिधर भाड्याने राहायला आला, तेव्हा मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, फोडणीचा वास वर आला तर कुरकुर चालणार नाही. तो म्हणाला, ताई, वासासाठीच तर मराठी घर शोधलं. झालं, मी तिथेच विरघळले.

हे २००६ सालचं. माणूस नागपूरचा फिजिक्सचा मास्तर, इथल्या शाळेत शिकवायला आलेला. बायको सुलक्षणा तिकडे बँकेत, मुलगी वरदा अकरावीत. शाळेतल्या मुलांसाठी त्याने कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लिहिला होता. मधोमध पृथ्वी आणि तिच्याभोवती फिरणारा ठिपका, तो उपग्रह. उंची बदलायची, वेग बदलायचा आणि ठिपका कसा फिरतो ते बघायचं. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्याने माझ्या डोक्यात ते कोंबलंच. म्हणाला, उपग्रह सारखा पडतच असतो, पण पुढेही जात असतो, म्हणून जमिनीला लागत नाही. मी म्हटलं, तुझ्यासारखंच की रे. तो हसला नाही. मला मेलीला कुठे काय बोलावं कळत नाही.

दर शुक्रवारी तो हा प्रोग्रॅम काहीतरी नवं घालून वरदाला ईमेल करायचा. रविवारी अकरा वाजता खाली माझ्या हॉलमध्ये लॅपटॉप मांडायचा आणि फोन स्पीकरवर टाकायचा. तिने तिकडे चालवायचा, याने इकडे. बाप-लेकीचं दुसरं बोलणं नव्हतंच. त्याची शाळेत कुणाशी मैत्री नाही, कुठे जाणंयेणं नाही. त्या एका तासावर त्याचा आख्खा आठवडा निघायचा.

एका रविवारी मी भाजी निवडत शेजारीच बसले होते. त्याने वरदाला उपग्रह चारशे किलोमीटरवर ठेवायला सांगितलं आणि विचारलं, एक फेरी किती वेळात? ती म्हणाली, ब्याण्णव मिनिटं.

"आणि दहा फेऱ्या झाल्यावर कुठे आहे?"

"तिथेच आहे बाबा, वर्तुळावर. मस्त दिसतंय."

इकडे त्याच्या स्क्रीनवर ठिपका दर फेरीला थोडा थोडा बाहेर सरकत पार कडेला गेला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने हाताने मला गप्प केलं. तिला शाब्बास म्हणाला, अभ्यास कर म्हणाला आणि फोन ठेवला.

मग त्याने सांगितलं. आधी वेग बदलायचा आणि मग त्या नव्या वेगाने उपग्रह पुढे सरकवायचा, असा क्रम असतो. क्रम चुकला की उपग्रह असा बाहेर पळतो, हे वर्गात दाखवायचं म्हणून त्याने प्रोग्रॅममधल्या त्या दोन ओळी उलट्या केल्या होत्या, आणि गडबडीत तीच फाइल वरदाला गेली होती. तिने ती उघडलीच नव्हती. ब्याण्णव मिनिटं पुस्तकातल्या सूत्राने काढली होती. किती महिन्यांपासून, देव जाणे.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कार्टीला तिथल्या तिथे विचारायचं होतंस!

"विचारलं तर ती कबूल करेल, ताई. मग रविवारी बोलायचं काय?"

माझा मुलगा अजय स्टॅनमोरला राहतो, बसने वीस मिनिटांवर. दर आठवड्याला म्हणतो, शनिवारी नक्की येतो. मी म्हणते, बरं. मी कुठल्या तोंडाने शशिधरला शहाणपण शिकवणार? मी उठून चहा टाकला.

पुढच्या शुक्रवारी तो ईमेल करताना दिसला, तेव्हा विचारलं, ओळी नीट केल्यास ना?

"नाही केल्या," तो म्हणाला. "एखाद्या रविवारी तिने म्हणावं, बाबा, हे चुकलंय."

त्यानंतर दीड वर्ष तो माझ्याकडे होता. ओळी उलट्याच राहिल्या, आणि वरदाची सगळी उत्तरं बरोबर आली.