म्हशीशेजारची जागा

मामंजी गेले तो शनिवार होता. सकाळी त्यांनी चहा घेतला, पेपर वाचला आणि आंघोळीला पाणी तापवायला सांगितले. पाणी तापेपर्यंत ते गेले.

मामंजी म्हणजे माझे सासरे. पशुसंवर्धन खात्यात गुरांना लस टोचायचे त्यांचे काम. घर आमचे पेडण्याला आणि नेमणूक डिचोली तालुक्यात, म्हणून आठवडाभर ते साखळीला खोली घेऊन राहत आणि शनिवारी म्हापशाला बस बदलून घरी येत. पदवीने ते डॉक्टर नव्हते, पण गावोगाव त्यांना ‘दोतोर’ म्हणत. आधी ते नाही म्हणून सांगत. पुढे सोडून दिले. “गोरवां तक्रार करिनात, मागीर म्हाका कितें?” म्हणत.

लशीच्या पेटीबरोबर त्यांच्या खांद्याला एक पिशवी असे आणि तीत टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा. गुरे टोचून झाली की ते गुरे धरणाऱ्यांचे फोटो काढत. रोल म्हापशाला धुवायला टाकत आणि आधीच्या रोलचे फोटो घेऊन घरी येत. पण आल्या आल्या फोटो दाखवतील तर शपथ. पाकीट मांडीखाली ठेवून बसत आणि सासूबाईंनी हात पुढे केला की म्हणत, “फोटो मागीर. पयलीं आयक.”

मग ते सांगत. कुणाचा बैल कसा उधळला, कोण बाई वासराला पोटाशी धरून टोचायला देईना. सगळे सांगून झाले की मांडीखालून तो फोटो निघे. गुडघ्यांमुळे सासूबाई कित्येक वर्षांत म्हापशापलीकडे गेल्या नव्हत्या. ऐकताना त्या मनात माणूस उभा करत आणि फोटो हातात आला की भांडत.

“तुमी सांगलो तो दादलो हो न्हय. हो बारीक.”

“फोटोंत बारीक दिसता. रेडो धरताना मोटो आशिल्लो.”

मी सावंतवाडीहून या घरात आले, मराठी शाळेत शिकवू लागले. पुस्तकात डोके घालून बसायची माझी सवय. शनिवारी मात्र हाक येई, “सूनबाय, पुस्तक बाजूक दवर.” पाळी आणि सुर्ला ही गावे मी अशीच ओळखू लागले. खनिजाच्या ट्रकांची रांग, झाडांच्या पानांवरची लाल धूळ, धुळीसाठी कळशीवर फडके टाकून चालणाऱ्या बायका. पाहिले यातले काहीच नाही.

आमच्या भागाचे वेगळे राज्य होण्याच्या आगेमागे भाषेवरून घराघरांत वाद होते. मी मराठीची शिक्षिका, शेजारी कोकणीचे. सगळे मामंजींना विचारत, तुम्ही कुठल्या बाजूचे? “गोरवां खंयचे भाशेंत हांबरतात तें म्हाका अजून कळ्ळें ना,” ते म्हणत. रस्ते अडवलेले असत त्या दिवसांत ते मधल्या वाटेने चालत गावे गाठत आणि पुढच्या शनिवारी त्या वाटेची हकिगत आम्हांला ऐकायला मिळे.

राज्य झाल्यानंतरच्या एका शनिवारी ते पाकिटाशिवाय आले. स्टुडिओतल्या माणसाने रोल परत केला होता. “दोतोर, कोरो रोल हाडला तुमी.” फिल्म आत नीट अडकलीच नव्हती. ते बटण दाबत गेले, आकडा पुढे सरकत गेला आणि कॅमेऱ्यात काहीच आले नाही. सवयीने त्या दिवशीही त्यांनी एक हकिगत सांगितली. संपल्यावर सासूबाईंचा हात पुढे आला आणि तसाच राहिला. “मागीर खोटें सांगलें म्हणूं नाका,” असे काहीतरी पुटपुटत मामंजी उठून गेले.

पुन्हा जाऊन सगळ्यांना उभे करायचे त्यांनी ठरवले. लोक हसले, पण उभे राहिले. पाळीला बैल धरू लागलेला कोल्हापूरकडचा एक ट्रकड्रायव्हर होता. त्याने मधल्या काळात मिशी उतरवली होती. “डॉक्टर, तुमी सांगायचं न्हाई का वो? आता म्हैनाभर थांबा, वाढवतो,” म्हणाला आणि खरोखरच वाढवली.

सुर्ल्याला एक म्हातारी होती. जन्मात एकदाही तिचा फोटो निघाला नव्हता. पहिल्या वेळी तिने अट घातली होती, “म्हजो एकटेचो नाका. म्हशीवांगडा काड.” तिच्या घरी मामंजी पोचले तेव्हा मुलगा अंगणात आला. खाणीवर मशीन चालवायचा तो.

“बरें जालें आयलात,” तो म्हणाला. “फोटो हाडलो?”

म्हातारी तापाने गेली होती. घरात तिच्या फोटोची वाट पाहत होते.

फोटो आलाच नाही, हे मामंजींनी तिथे उभ्या उभ्या सांगितले. मग ते दारापुढच्या वसरीवर बसले आणि कॅमेऱ्यातून जे दिसले होते ते सांगू लागले. तिने डोक्यावर पदर घेतला, मग काढला, मग पुन्हा घेतला. म्हशीच्या मानेवर हात ठेवला. आणि म्हणाली, “पयलीं म्हशीक हांसय, मागीर हांव हांसतां.” आतून सून बाहेर आली, डोळे पुसत दाराला टेकून उभी राहिली. मुलगा ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “सांगलें तें बरें केलें, दोतोर. पूण वणटीर कितें लावूं?”

त्याने वसरीच्या मोकळ्या भिंतीकडे बोट दाखवले. मग तोच म्हणाला, “म्हशीचो तरी काडात.”

म्हैस त्याच जागी आणून उभी केली. मामंजी पहिल्या वेळी जिथे उभे होते तिथेच उभे राहिले आणि म्हशीच्या बाजूला म्हातारीपुरती जागा सोडली. मुलगा दावे धरायला त्या जागेत शिरला.

“तूं भायर राव,” मामंजी म्हणाले.

“हालतली ती.”

“हालूं दी.”

म्हैस हललीच. फोटोत तिचे तोंड पुसट आले. म्हापशाला तो मोठा करून, काच लावून, मामंजी सुर्ल्याला स्वतः देऊन आले. मुलाने तो वसरीत लावला आणि हार फ्रेमच्या एकाच बाजूला अडकवला, म्हातारी उभी होती त्या बाजूला. शेजाऱ्यांनी विचारले, “म्हस केन्ना मेली रे?” तो म्हणाला, “म्हस गोठ्यांत आसा. हार तिका न्हय.”

त्यानंतर आमचे शनिवार बदलले. मामंजी छापलेला फोटो आधी ज्याचा त्याला नेऊन देत आणि मगच घरी येत. सासूबाईंच्या वाट्याला निगेटिव्ह. त्या ती खिडकीच्या उजेडाला धरत आणि कुरकुरत, “सगळ्यांचीं तोंडां काळीं आनी केंस धवे. हातूंत मी कोण वळखूं?” मामंजी फक्त सांगत राहिले. निवृत्त होईपर्यंत.

ते गेल्यावर दिवसकार्याच्या आधी सुर्ल्याचा तो मुलगा भेटायला आला. आता त्याचेही केस पिकले आहेत. पाणी घेऊन मी बाहेर गेले तर तो माझ्याकडे बघत म्हणाला, “तुमी शाळेंतली सून न्हय? वाचताना दूद उतू वचपाक दिता ती?”

सासूबाई त्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

मग तो एकेक सांगू लागला. सासूबाई निगेटिव्हशी कशा भांडतात, पुस्तक मिटताना मी खूण म्हणून विड्याच्या पानाचा देठ घालते, आमच्या न्हाणीघराचे दार कसे आधी वर उचलून मग ढकलावे लागते. डिचोलीतल्या वसऱ्यांवर बसून मामंजी आमच्या हकिगती सांगत होते, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

“आमचे फोटोही दाखवत होते?” मी विचारले.

“ना. तुमचो फोटो केन्नाच हाडूंक ना. फकत सांगताले.” तो घराकडे निवांत पाहत होता, ऐकलेले जुळते का ते बघत असावा. जाताना न्हाणीघरात पाय धुवायला गेला आणि दार त्याने न विचारता उचलून ढकलले.

कपाटात मामंजींच्या निगेटिव्ह आहेत. फोटो डिचोलीकडे, आम्ही न पाहिलेल्या घरांच्या भिंतींवर आहेत.