पेडणे ते म्हापसा, एक अपहरण

मी पेडण्याच्या स्टँडवरचा पायलट. विमानाचा नव्हे, पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलचा. गोव्यात भाड्याने माणसे पोचवणाऱ्याला पायलटच म्हणतात. पंचवीस वर्षांत मी नवरदेव पोचवले, माशांच्या टोपल्या पोचवल्या, एकदा जिवंत बोकडही पोचवला. अपहरण मात्र एकच केले.

त्या सकाळी आमच्याच वाड्यावरची सतरा वर्षांची मुलगी धावत आली. तिची बस चुकली होती आणि म्हापशाला फुटबॉलची निवड होती, अठरा वर्षांखालील मुलींच्या संघाची. "काकानू, बेगीन चला." मी गाडी हळू चालवतो म्हणून वाटेत ती दोनदा माझ्यावर खेकसली. पळवलेली माणसे पळवणाऱ्याला घाई करत नाहीत, एवढा तरी फरक कायद्याने करायला हवा होता.

बापाने खेळायला बंदी केली होती, हे तिने मला सांगितले नाही. बाप थेट पोलिसांत गेला. तासाभरात मला स्टँडवरून आणले आणि तिला मैदानावरून, तिचे नाव पुकारायच्या आत.

"माझ्या चेडवाक खंय न्हेलंस?" बापाने विचारले.

"तेना सांगितला थंय," मी म्हणालो. तिने सांगितले तिथेच तर नेले होते.

हवालदाराने मला शांतपणे समजावले. अठरा पुरी नसलेल्याला पालकाच्या संमतीशिवाय नेले की झाले अपहरण. त्याला खंडणी लागत नाही, दोरी लागत नाही. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

"पण ती आपल्या पायांनी येऊन बसली."

"तिच्या संमतीला कायद्यात किंमत नाही."

ती समोरच्या बाकावर खेळाचे बूट घालून बसली होती. तिला कोणी काही विचारले नाही. खरे सांगतो, तेव्हा मीही विचारले नाही. सात वर्षे ऐकून माझीच पाचावर धारण बसली होती.

दुपारी साहेब आले. मी फूस लावली नव्हती, उलट तिनेच मला बोलावले होते, हे त्यांनी ताडले आणि मी सुटलो. बापाने मला चहा पाजला. तेव्हापासून आमचे पायलट दप्तरवाल्या मुलींना आधी आईबापांना फोन लावायला सांगतात.

चार महिन्यांनी ती पुन्हा स्टँडवर आली आणि तिने आधार कार्ड माझ्या नाकापुढे धरले.

"काल माका अठरा पुरी झाली. आता खंयय न्हेवा."

मला मनापासून आनंद झाला. मी किक मारली. "मैदानार?"

"थंय माका आता घेवचे नाय," मागे बसत ती म्हणाली. "तो संघ अठराच्या आतल्यांचो."