कूलरमधला होला

आमच्या अंगणात कुठलीही वस्तू चार दिवस हलवली नाही की ती आमची राहत नाही, पाखरांची होते. हुडकेश्वरला घर बांधलं तेव्हा मागे नुसती शेतं होती. मग प्लॉट पडले, बाभळी गेल्या, कडुनिंब गेले, आणि तिकडची सगळी पाखरं आमच्या उरावर आली. अंगठ्याएवढी शिंजीर, पण तिनं कपडे वाळत घालायच्या तारेला घरटं टांगलं की महिनाभर माझ्या साड्या गच्चीवर न्यायच्या. दयाळानं मीटरच्या पेटीत संसार मांडला तेव्हा रीडिंग घ्यायला आलेला माणूस बोंबलत फाटकाबाहेर पळाला होता. न्हाणीघराच्या झरोक्यात पारवे आहेतच, ते कायमचे. मी काही फार दयाळू बाई नाही. झाडू घेऊन मी या सगळ्यांशी भांडत आलेली आहे, आणि दरवर्षी हरत आलेली आहे.

माझे सासरे मात्र हरत नसत. त्यांना आम्ही सगळे बाबा म्हणतो. जन्मभर वायरमनचं काम केलेलं, अंग काटक, आवाज खणखणीत. घरट्याची पहिली काडी दिसली रे दिसली की बाबा आकडीची काठी घेऊन हजर. "घर हाये का धर्मशाळा? हाट! हाट!" अंडी घालायच्या आत सगळं साफ. अंडी असली तर मात्र थोडे थांबायचे, शिव्या घालत थांबायचे.

बाबांचा खरा मोसम होळीनंतरचा. आमच्या नागपुरात होळी झाली की माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, "कूलर लावला का?" हे विचारतात. कूलर लावणं म्हणजे माळ्यावरून तो काढायचा, गंज खरवडायचा, रंगाचा हात मारायचा, बाजूच्या ताट्यांमध्ये नवा वाळा भरायचा, मोटरीत तेल घालायचं आणि धूड खिडकीबाहेरच्या स्टँडवर चढवायचं. नुसतं बटण दाबायचं त्यालाही आम्ही कूलर लावणंच म्हणतो. एका शब्दात दोन्ही कामं भागतात, आणि एवढ्या वर्षांत त्यावाचून कोणाचं काही अडलेलं नव्हतं. गल्लीतले निम्मे कूलर बाबाच लावायचे, पेचकस खिशात खोचून घरोघर फिरायचे.

यंदा जानेवारीत बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, यांना गिळता येतं, घास खाली उतरतो, पण हे घेत नाहीत. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि दोनच वर्षांपूर्वी बाबा त्यांच्या एका जुन्या सोबत्याला बघून आले होते, त्याला तशी नळी होती. त्या दिवशी चप्पल न काढता ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "सूनबाई, मले तसं नका करजा. खाईन तं तोंडानं खाईन. नाई तं राहू द्या." मी "हाव बाबा" म्हटलं होतं. असं बोलताना कोणाला वाटतं, की ते खरंच पाळायची वेळ येणार आहे?

मग मी रोज त्यांच्याशी झगडायला लागले. मऊ भात, पेज, मुगाचं पातळ वरण, केळं कुस्करून, काय काय केलं. बाबा दात घट्ट आवळून भिंतीकडे बघायचे. मी गोड बोलले, रागावले, एकदा तर वाटी आपटली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवरा कामावर जाता जाता दारातून विचारायचा, "घेतलं का काही?" आणि माझं तोंड बघून उत्तर न घेताच जायचा. मुलगी पुण्याला नोकरीला, ती फोनवरून रडायची. बाबांची हाडं दिसायला लागली.

त्यात होळी आली. बाबा उठणार नव्हते, म्हणून नवऱ्यानं त्यांच्या खोलीच्या कूलरच्या ताट्या काढून धुवायला ठेवल्या आणि वाळा भरणारा आज येतो, उद्या येतो म्हणून कूलर तीन बाजूंनी उघडाच राहिला. वाळेवाला काही आला नाही. होल्याची जोडी आली.

होला, पारव्याचाच धाकटा भाऊबंद, म्हणजे पाखरांतला सगळ्यात आळशी कारागीर. चार काड्या आडव्या, दोन उभ्या, झालं घर. खालून अंडी दिसतील असं ते विरळ घरटं, आणि ते घातलं कुठं तर पंख्याच्या पात्यांमागे, मोटरीच्या पाठीवर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर उन्हानं तोंड भाजायला लागलेलं, खोलीत लकव्याचा पेशंट, आणि ही बया त्याच्या कूलरमध्ये बाळंतपणाला आलेली! मी झाडू उचलला, अंगणात गेले, आणि हात आत घालणार एवढ्यात खिडकीतून आवाज आला. "अं... अं!" बाबा डावा हात वर करून मला अडवत होते. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी कशासाठीही हात उचलला नव्हता. पाखरांना जन्मभर हाकलणारा माणूस तो! मी झाडू खाली ठेवला.

बाबांच्या खाटेवरून कूलरच्या जाळीतून, पात्यांच्या फटीतून, होला सरळ दिसायचा. त्या दिवशी मी वाटी घेऊन बसले तर बाबांचे डोळे तिकडे. होला काडी सरकवत होता. बाबांचं तोंड अर्धवट उघडं होतं, मी चमचा घातला. गिळला! मी लगेच दुसरा दिला. तोही गेला. अर्धी वाटी पेज पोटात गेली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा रडले.

तेव्हापासून आमच्या घरात होल्याचं राज्य सुरू झालं. मादी अंड्यांवर बसली की बाबांचं जेवण. नर येऊन पाळी बदलायचा, तेव्हा बाबा हसल्यासारखं करायचे, तोंडाची एकच बाजू हलायची. अंगणात कपडे आपटायचे नाहीत, खिडकीपाशी जोरानं बोलायचं नाही, मांजर दिसलं की मी दगड घेऊन धावायची. नवरा मला म्हणाला, "काय वं, आता तू होल्याची पण सून झाली का?" मी म्हटलं, "झाली. तुमचे वडील जेवून राहिले नं? मग होल्याचे पाय दाबायला सांगाल तं तेही दाबते." खोटं कशाला बोलू, मला त्या दिवसांत आशा वाटायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, वजन थोडं वाढलं, नळीचं सध्या नको. मी देवाला नाही, त्या होल्यालाच मनात हात जोडले.

पण ऊन काही कोणासाठी थांबत नाही. एप्रिलात खोलीची भट्टी झाली. टेबलफॅन गरम हवा फेकायचा, ओला टॉवेल खिडकीवर टाकला की पोळीसारखा कडक व्हायचा. बाबांच्या पाठीला घामोळ्या आल्या. पिल्लं नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती, आता तर कूलरला हात लावायचा प्रश्नच नव्हता. शेवटी ठरलं, की बैठकीतला जुना कूलर काढून बाबांच्या खोलीच्या दुसऱ्या खिडकीला लावायचा. नवऱ्यानं एका मिस्त्रीला सांगून ठेवलं. तो म्हणाला, गुरुवारी दुपारी येतो.

त्याच गुरुवारी रामटेकला माझ्या भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. जानेवारीपासून मी घराचा उंबरा ओलांडून लांब कुठं गेले नव्हते. माझी मोठी नणंद, आमच्या ताई, मौद्याला असतात, त्या म्हणाल्या, "तू जाय वं, मी बसते बाबांपाशी एक दिवस." सकाळी त्या आल्या. मी त्यांना सगळं समजावलं. औषध कोणतं कधी, कूस कशी बदलायची, पेज किती पातळ, आणि दुपारी मिस्त्री येईल, कूलर लावून घ्या. होल्याचं मात्र बोलले नाही. विसरले असंही नाही. ती गोष्ट आमच्या रोजच्या जगण्यात इतकी मुरली होती, की ती कोणाला ठाऊक नसेल हे डोक्यातच आलं नाही. नवरा कामावर गेला, मी बसमध्ये बसले.

दुपारी मांडवात बँडवाले कान फोडत होते तेव्हा ताईंचा फोन आला. एका कानात बोट घालून मी ऐकलं. "काय वं, कूलर लावू का? बाबा घामानं वले होऊन राहिले." मला वाटलं, मिस्त्री आला असेल, कूलर घेऊन दारात उभा असेल, आणि ताई मला विचारतात. मी म्हटलं, "लावा नं ताई, मले काहून विचारता? लावा, लावा." आणि फोन ठेवून पुरणपोळीच्या पंगतीला जाऊन बसले.

मिस्त्री आलाच नव्हता. ताईंना खिडकीत कूलर दिसत होता, बटण दिसत होतं. त्या कूलरला प्लग नाही, बाबांनीच त्याची वायर पक्की बोर्डात बसवलेली. पाणी नसलं तरी हवा तर लागेल, एवढा साधा विचार त्यांनी केला आणि बटण दाबलं.

पुढचं ताईंनीच मला सांगितलं, पदर तोंडात कोंबून सांगितलं. आधी काहीतरी फट्कन वाजलं. मग वाऱ्याबरोबर जाळीतून पिसं आली, बाबांच्या अंगावर, चादरीवर, पाण्याच्या पेल्यात. आणि बाबा ओरडले. मोठ्यानं ओरडले. "मले तं वं आनंद झाला," ताई म्हणाल्या. "मले वाटलं, बाबांले वाचा आली. मी धावत त्यांच्यापाशी गेली, म्हटलं बोला बाबा, बोला. पंखा चालूच होता." काय ओरडले ते ताईंना कळलं नाही. त्यानंतर बाबा ओरडले नाहीत.

मी संध्याकाळी घरी आले तर नवरा खाटेखालची पिसं वेचत होता आणि ताई ओट्यावर कपाळ धरून बसलेल्या. मी बोलले का? बोलले. नको नको ते बोलले. "डोळे फुटले होते का, आत पाखरू दिसलं नाही?" इथपर्यंत बोलले. ताई एवढंच म्हणाल्या, "तूच तं म्हटलं लावा." मी लावा म्हटलं होतं, त्यांनी लावला होता. चूक कोणाची हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. ताई दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मौद्याला गेल्या, चहा न घेता.

मादी मेली होती, एक पिल्लूही. दुसरं कूलरच्या कोरड्या टाकीत पडलेलं, जिवंत, उघडंबोडकं. मी त्याला कापसात ठेवलं, भाताची शितं चुरून दिली, भिजवलेली कणीक दिली, काडीनं पाणी दिलं. होल्याची पिल्लं असलं काही घेत नाहीत म्हणे, आईबापांच्या घशातलंच घेतात. त्यानं चोच उघडलीच नाही. एका खोलीत दोघं जण तोंड मिटून पडले होते आणि मी चमचा घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे जात होते. सकाळी पिल्लू गेलं. नर खिडकीच्या गजावर येऊन घुमत राहिला, त्याचा आवाज आला की बाबा डोळे मिटायचे. मीच मग हाट हाट करून त्याला हाकललं, कधी नव्हे ते रडत.

मी बाबांना खूप समजावलं. म्हटलं, दुसरी जोडी येईल, आपल्या घरी काय पाखरांचा तोटा आहे का! म्हटलं, माझ्यासाठी घ्या, एक घास घ्या. पाया पडले. खाट फिरवून तारेवरची शिंजीर दाखवली. बाबांनी पाहिलंही नाही. त्यांना भूक नव्हती की राग होता, कोणावर होता, मला कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरांनी नाडी बघितली, कातडी चिमटीत धरून सोडली आणि म्हणाले, आता थांबता येणार नाही. नवरा माझ्याकडे बघत होता. मी नाही म्हणायला हवं होतं का? म्हणून करायचं काय होतं, त्यांना डोळ्यांदेखत उपाशी मरू द्यायचं? मी हो म्हणून मान हलवली. बाबा माझ्याकडे बघत होते.

जुना कूलर नवऱ्यानं स्वतःच बसवला. खोली आता थंडगार असते, वाळ्याचा वास दरवळतो. भेटायला येणारे म्हणतात, बाबांच्या गालावर जरा मांस चढलं बरं का. चढणारच. पेज आता वेळच्या वेळी जाते. मोठ्या सिरिंजमध्ये भरायची, हात वर धरायचा, ती आपली आपण उतरते. विनवण्या नाहीत, रागावणं नाही, वाटी आपटणं नाही. संपलं की मी नळी बंद करते आणि सवयीनं त्यांचं तोंड पुसायला रुमाल उचलते. तोंडाला काही लागलेलं नसतं.