सोमवारची गोळी

हे मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याला यातलं अर्धं ठाऊक आहे, आणि उरलेलं अर्धं त्याच्या कानावर जाऊ नये याची काळजी मी इतकी वर्षं घेतली आहे. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझे कुणी लागत नाही म्हणून. दुसरं कारण नाही. आणि सांगताना मला राग येणार आहे, तो सहन करा. कुणाचा राग ते पुढे कळेलच.

मला आमवात आहे. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे — आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उलटतं तो. मुलगी आठ महिन्यांची होती तेव्हा सुरू झाला. सकाळी मुठी उघडायच्या नाहीत. दुपट्याची गाठ सुटायची नाही. मी नाशिकरोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते — हो, विज्ञान, हे लक्षात ठेवा — आणि फळ्यावर लिहिताना खडू बोटांतून निसटायचा. एका डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, दुसऱ्यांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या. बाकी सगळं जग तर डॉक्टरच! थंडी लागली असेल, आंबट खाऊ नकोस, निरगुडीचा पाला बांध, तांब्याचं कडं घाल, बाळंतपणात डिंकाचे लाडू खाल्ले होतेस ना? एकतिसाव्या वर्षी मला चहाचा कप धरता येत नव्हता आणि लोक मला लाडवांचं विचारत होते. अजून आठवलं की डोकं तापतं.

शेवटी गंगापूर रोडवरचे एक संधिवाताचे तज्ज्ञ भेटले. त्यांनी माझे हात हातात घेऊन एकेक पेर दाबून पाहिलं, रक्ताचे रिपोर्ट वाचले आणि म्हणाले, उशीर झालाय, पण फार नाही. त्यांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली. एकदाच — रोज घेतली तर जिवावर बेतेल, हे तीनदा बजावलं आणि कागदावर माझ्याच हातानं वार लिहायला लावला. मी सोमवार लिहिला. रविवारी घरात सगळे असतात, म्हणून सोमवार. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. या गोळ्या चालू असेपर्यंत दिवस जाता कामा नयेत.

इथेच सासूबाई येतात. त्यांना नातू हवा होता. रोज हवा होता — सकाळच्या चहाला, संध्याकाळच्या दिव्याला. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्टला जातो. भला माणूस, पण आईसमोर त्याला कंठ फुटत नाही. तो म्हणाला, ''आईला कशाला सांगायचं? औषध संपलं म्हणू, नुसतं कॅल्शियम चालू आहे म्हणू.'' मी बरं म्हटलं. त्याच्यावर ढकलत नाहीये. बरं म्हणणारं तोंड माझंच होतं.

पण लपवायचं कसं? गोळी घेतली की दिवसभर मळमळायचं, फोडणीचा वास नकोसा व्हायचा. रोज जेवणारी सून सोमवारीच ताट सरकवते, हे त्यांच्या नजरेतून सुटेल? पहिल्याच महिन्यात त्यांनी मला बेसिनपाशी गाठलं. डोळे असे चमकले त्यांचे! ''काय गं, गोड बातमी आहे का?'' मी घाबरले आणि तोंडाला येईल ते बोलले.

''नाही आई. सोमवार धरलेत मी. उपाशीपोटी पित्त झालंय.''

झालं. त्या दिवसापासून मी सोमवारची व्रती झाले. गोळ्यांची पट्टी भगरीच्या डब्यात ठेवायचे, कारण तो डबा माझ्याशिवाय कुणी उघडत नसे. उपास म्हणून जेवायचा आग्रह नाही, मळमळलं तर पित्त, झोपून राहिले तर अशक्तपणा. इतकं सोयीचं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही.

वर्ष-दीड वर्षात माझी सूज उतरली. मुठी उघडल्या. खडू धरता येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, रोग आता शांत आहे. बरा नाही, शांत आहे. गोळी सोडायची नाही. माझा रोग शांत झाला आणि सासूबाई बोलायला लागल्या. जेलरोडच्या आमच्या कॉलनीत एक घर सोडलं नाही त्यांनी. डॉक्टरांनी हात टेकले होते म्हणे, महादेवानं सुनेचे हात परत दिले. बायका यायच्या. माझी बोटं उघडमीट करून पाहायच्या. विचारायच्या — मीठ चालतं का, कधी सोडायचा?

आणि मी सांगायचे. विज्ञान शिकवणारी बाई! मीठ चालत नाही, दिवेलागणीनंतर सोडायचा, सोळा झाले की सतराव्याला उद्यापन, आणि माझ्यासारखे पुढेही चालू ठेवले तर उत्तमच. एवढ्या तपशिलात सांगायचे की माझाच विश्वास बसावा. मला ते आवडायला लागलं होतं, हेही सांगून टाकते. आजारी बाईची कीव करतात. व्रत करून बरी झालेल्या बाईला पाटावर बसवतात.

इथपर्यंतचं तुम्ही कदाचित हसून सोडून द्याल. घरोघरी असली खोटी असतात. पण मी अजून मुद्द्याला आलेले नाही. मुद्द्याभोवती फिरतेय, मला कळतंय.

ज्योती ही माझी धाकटी नणंद. देवळ्याला दिलेली. लग्नाला पंधरा वर्षं झाली, बोलीही तिकडचीच झाली. ती ब्लाउज शिवायची. हात इतका सफाईचा की आसपासच्या गावांतून बायका कापड घेऊन यायच्या. पाच वर्षांपूर्वी तिची बोटं सुजू लागली. मालेगावला तपासलं, रिपोर्ट आला — तोच आजार. तिथल्या डॉक्टरांनी तिला तीच आठवड्याची गोळी लिहून दिली. तीच. माझीच.

तिला तीच मळमळ सुरू झाली. पाच-सहा आठवड्यांनी तिचा फोन आला. सासूबाई समोर बसून मेथी निवडत होत्या, मुलीचा आवाज त्यांनाही हवा म्हणून फोन स्पीकरवर होता.

''वहिनी, ह्या गोळ्यांनी लय मळमळतं हो. नुसत्या उलट्या. बोटांना तर काईच फरक नाय. तुमचं तर बिनगोळ्यांचं बरं झालं ना?''

या गोळीचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, हे मला ठाऊक होतं. मळमळीवर काय करायचं, तेही ठाऊक होतं. तिनं पुन्हा विचारलं.

''वहिनी, खरं सांगा. सोमवारानंच फरक पडला ना? तुमी दुसरं काईच घेत नाय ना?''

मेथी निवडणारे हात थांबले होते. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. आणि मी म्हणाले, ''नाही गं. दुसरं काही नाही.''

हे ते वाक्य. आता वाचायला किती लहान वाटतं!

तुम्ही म्हणाल, नंतर फोन करायचा. हो, करायचा होता. शाळेच्या स्टाफरूममधून दोन मिनिटांचा फोन — ज्योती, मीही तीच गोळी घेते, सोडू नकोस, पण आईंना सांगू नको. बस. मी नंबर काढायचे आणि मनाशी म्हणायचे, उद्या. ज्योतीच्या पोटात काही राहत नाही, ती आईला सांगणारच. मग सासूबाईंना सगळं कळणार — औषध, नातवाचं, मी सहा वर्षं करत आलेलं नाटक. कॉलनीतल्या बायकांना कळणार. तिची बोटं एका बाजूला आणि माझा पाट दुसऱ्या. मी पाट निवडला. चिडून लिहितेय, पण शब्द खरे आहेत.

ज्योतीनं गोळ्या सोडल्या आणि सोमवार धरले. नवऱ्याला वाटलं, बहीण गोळ्याही घेते आणि उपासही करते, माझ्यासारखी. मी त्याला तसंच वाटू दिलं.

तिचे सोळा सोमवार झाले. सतराव्याला उद्यापन, आणि मानाची पाहुणी मी. आम्ही रविवारीच देवळ्याला गेलो होतो. सकाळी बाथरूमची कडी लावून, पर्समधून आणलेली गोळी मी नळाच्या पाण्याबरोबर गिळली. तिच्या घरात, तिच्या व्रताच्या दिवशी! बाहेर आले तर ती परातीपुढे बसलेली. नैवेद्याचा चुरमा करायचा होता, कणीक, गूळ, तूप. तिला तो चुरता येईना. मनगट सुजून जाड झालेलं, बोटं बाजूला कलायला लागलेली. मी परात माझ्यापुढे ओढली. दोन्ही हातांनी तो चुरमा असा बारीक केला की सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, ''बघा गं हात, बघा!'' सगळ्या बायकांनी बघितले.

त्या वेळी तरी बोलावं? नाही बोलले. खाली मान घालून चुरमा चुरत राहिले.

गुण येईल, गुण येईल म्हणत ज्योतीनं पुढे वर्षभर सोमवार केले. मशीन बंद पडलं. ब्लाउजाच्या कापडाच्या पिशव्या बायका परत घेऊन गेल्या. शेवटी तिच्या नवऱ्यानं तिला गाडीत घालून नाशिकला आणलं आणि म्हणाला, वहिनी, तुमच्या ओळखीत कुणी मोठा डॉक्टर असेल तर दाखवा.

माझा डॉक्टर ओळखीचा होता. पण तिथल्या काउंटरवरची मुलगी मला बघताच म्हणाली असती, मॅडम, तुमची तारीख तर पुढच्या महिन्यात आहे ना? म्हणून मी ज्योतीला दुसऱ्याच तज्ज्ञाकडे नेलं. अनोळखी. नंबरासाठी तीन आठवडे थांबावं लागलं. सुजलेल्या बोटांनी तिनं ते तीन आठवडे काढले, कशासाठी? मला कुणी ओळखू नये म्हणून.

तो डॉक्टरही चांगला निघाला. तिचे हात त्यानं उलटसुलट करून बघितले. म्हणाला, सूज उतरेल, दुखणं थांबेल, पण वाकलेली बोटं आता सरळ होणार नाहीत. गोळ्या सुरुवातीलाच का सोडल्या? ज्योती जमिनीकडे बघत राहिली. मी भिंतीवरच्या सांध्यांच्या चित्राकडे.

तपासणी झाल्यावर पडद्याआड तिला ब्लाउजाचे हुक लावता येईनात. जिनं हजारो हुक हातानं टाचले तिला. मी लावून देत होते. माझ्याकडे पाठ करून ती हळूच म्हणाली, ''वहिनी, माझंच चुकलं. सातव्या सोमवारी आत्याच्या घरी मी चुकून मिठाची भाकर खाल्ली व्हती. कुणाला बोलले नाय. त्यानंच मोडलं असंल का व्रत?''

मघाशी तुम्हाला ते एक वाक्य सांगितलं ना, फोनवरचं? ते खोटं मी घाबरून बोलले होते. सासूबाई समोर होत्या. इथे कुणी नव्हतं. पडद्याआड आम्ही दोघीच, आणि तिचं तोंडही माझ्याकडे नव्हतं. एवढं सोपं मला पुन्हा कधी मिळणार नव्हतं.

शेवटचा हुक लावला आणि मी म्हणाले, ''असेल.''

एवढंच. असेल. तिचे हात मी घेतलेच होते, वर दोषही तिच्याच पदरात घातला. आणि तिनं मान हलवली, जणू तिला ते ठाऊकच होतं.

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. दुसऱ्या मुलाचं वय माझं कधीच उलटून गेलं. आता मी कुणाला भिते? ते घरात कुणी विचारत नाही, मीच मला विचारते, आणि उत्तर ऐकायची मला लाज वाटते. गोळ्यांची पट्टी अजून भगरीच्या डब्यातच असते.

ज्योती आता नियमानं औषध घेते. योगायोग म्हणा — त्या डॉक्टरनंही तिला वार विचारला तेव्हा तिनं सोमवारच लिहायला सांगितला. महादेवाचा वार, चुकणार नाही म्हणाली. पट्टीतून गोळी काढणं तिच्या बोटांना जमत नाही. लेक शाळेत जाण्याआधी ती काढून वाटीत ठेवते.

दर सोमवारी सकाळी ती मला फोन करते. या सोमवारीही केला. ''वहिनी, गोळी घेतली बरं का मी. तुमचा आज उपास ना?''

''हो,'' मी म्हणाले.

''माझ्यासाठी पण मागा काई.''

''हो.''

फोन ठेवला. भगरीचा डबा उघडला, पट्टी काढली आणि अंगठ्यानं दाबली. गोळी एका दाबात बाहेर आली.