सव्वा महिना आणि घरजावई

वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची बदली झाली तेव्हा त्यांनी सोफा नेला, फ्रिज नेला, मनीप्लांटची कुंडीसुद्धा मांडीवर घेऊन नेली. मुलाच्या वाढदिवसाला आणलेले दोन गिनीपिग तेवढे गाडीत मावले नाहीत. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर ते मला पाण्याच्या टाकीच्या सावलीत एका खोक्यात सापडले. खोक्यात मूठभर पोहेही होते. म्हणजे अगदीच निर्दय माणसं नव्हती. नाश्त्याची सोय करून गेली होती.

मी खोकं उचललं, खाली आणलं, माझ्या खोलीच्या गॅलरीत ठेवलं आणि कुणाला काही बोलले नाही. न बोलणं मला जमतं. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठीत बोललं की बाई ओरडायच्या आणि घरी इंग्रजी शब्द निघाला की चुलतभाऊ नक्कल करायचे. शेवटी दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं पडलं. घरात माझं मत विचारलं जातं ते वाय-फाय बंद पडल्यावर.

गिनीपिगांना मात्र गप्प बसायची सवय नव्हती. आईने स्वयंपाकघरात कोथिंबिरीची पिशवी सोडली, पिशवी वाजली, आणि गॅलरीतून दोन शिट्ट्या सुरू झाल्या.

"काय आणून ठेवलं तू?"

"गिनीपिग."

"उंदीर म्हण ना सरळ. रविवारपर्यंत घराबाहेर गेले पाहिजेत. बिलकुल ठेवायचे न्हाई."

नावं ठेवायला तिने मनाई केली. नाव ठेवलं की जीव जडतो, हे तिचं शास्त्र.

बाबांनी लगेच तोडगा काढला. त्यांच्या वर्गमित्राचं वडीगोद्रीला हायवेवर हॉटेल आहे. तिथे हात धुवायच्या बेसिनशेजारी एका पिंजऱ्यात त्याने ससा ठेवला आहे, गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी. बीडला जाताना आम्ही तिथे थांबलो होतो, तेव्हा मी तो ससा पाहिला होता. एकटा, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. जेवून झालेली मुलं त्याला लस्सीचे स्ट्रॉ टोचत होती आणि त्यांचे आईवडील फोटो काढत होते. बाबांना ती जागा प्राण्यांसाठी उत्तम वाटली. मित्र फोनवर खूश झाला. "मोठा पिंजरा करून घेतो, मंग येतो," म्हणाला.

मी त्या रात्री बाबांना समजावण्यासाठी मनात एक संपूर्ण भाषण तयार केलं. सकाळी "बाबा" अशी मी हाक मारली आणि चहा हवा का, एवढंच विचारलं.

मधल्या काळात केदारखेड्याहून मामा आला. मामाकडे शेळ्या आहेत, त्यामुळे चार पायांच्या कुठल्याही जिवावर त्याचा अधिकार चालतो. त्याने दोघांना एकेक करून उचललं, शेपटी शोधली, ती नाहीच म्हटल्यावर जिथे असायला हवी होती तिथे पाहिलं आणि निकाल दिला.

"ताई, बेफिकीर राहा. दोन्ही पाठी हाएत."

पाठ म्हणजे शेळीचं मादी पिल्लू. बोकडाला जे लांबूनही दिसतं ते इथे दिसलं नाही, म्हणून मादी. मी इंटरनेटवर वाचलं होतं की लहानपणी यांच्यातला नर असा वरवर पाहून कळत नाही, हलकेच दाबून बघावं लागतं. पण हे वाक्य मामासमोर कुठल्या भाषेत बोलायचं, ते मला कुठल्याच शाळेत शिकवलं नव्हतं.

मित्राच्या वेल्डरला लग्नसराईत मंडपाची कामं होती, पिंजरा लांबला. त्यामुळे रविवार आले आणि गेले. मामा येताना शेळ्यांच्या चाऱ्यातला लसूणघास आणायचा, बाबा पेपर वाचता वाचता मोसंबीची फोड खोक्यात टाकायचे, आणि पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "कधी जाणार हे?" शेजाऱ्यांना ससे आहेत असं सांगायचं ठरलं. "कान असे का?" कुणी विचारलंच, तर आई म्हणायची, "लहानपणी आजारी होते."

आणि एका सकाळी खोक्यात पाच जण होते.

तीन पिल्लं. अंगभर केस, डोळे टक्क उघडे, आणि जन्मल्या जन्मल्या घास खायला धावणारी. आई कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. "ही तर शिकूनच आली," ती म्हणाली. "न्हाई तर तू. सव्वा वर्षाची झाली तरी उशीला टेकून बसली व्हती."

मग तिच्यात काहीतरी बदललं. प्रेमबिम नाही, तसा आरोप मी तिच्यावर करणार नाही. तो नियम होता. घरात बाळंतीण आहे, म्हणजे घरात बाळंतीण आहे. तिने गॅलरीला जुनी सुती साडी बांधली, वारा लागू नये म्हणून. कूलरचं तोंड माझ्याकडून काढून भिंतीकडे वळवलं. जुन्या जालन्यातून किराण्याबरोबर शेपूची जुडी आली, कारण बाळंतिणीला शेपू लागतो. आणि बाबांना सांगितलं, "तुमच्या मित्राला कळवा. सव्वा महिना होईस्तोवर उंबरा ओलांडायचा न्हाई."

"अगं, उंदराचा कुठं सव्वा महिना असतो?"

"माझ्या घरात असतो."

कॉलेजात मी बाळंतिणीच्या विटाळावर आणि बंधनांवर इंग्रजीत निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. त्या आठवड्यात मी ते प्रमाणपत्र भिंतीवरून काढून खोक्याला आडोसा म्हणून लावलं.

आता दुसऱ्या 'पाठी'विषयी. ती बाळंतिणीभोवती कंबर हलवत, घुर्र करत गोल गोल फिरायची. मी वाचलं, मग मामाला न विचारता तपासलं. तिन्ही पिल्लं मुली होत्या. ती दुसरी मात्र मुलगी नव्हती. आईला मी एवढंच म्हणाले, "हा यांचा बाप आहे."

आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे हा घरजावई व्हय! आयतं खाऊन राह्यला इतके दिवस."

तेव्हापासून तो जावई. त्याला वेगळं ठेवणं गरजेचं होतं, म्हणून मी मध्ये पुठ्ठ्याची भिंत उभी केली. भिंत त्याला आवडली. संध्याकाळपर्यंत त्याने ती खाल्ली. दुसरी उभी केली, तीही खाल्ली. प्रमाणपत्राचा कोपराही गेला. पण तसाही उशीर झालाच होता. बाळंतिणीचं पोट पुन्हा गोल दिसायला लागलं होतं. यांची मादी बाळंत झाल्या झाल्याच पुन्हा गाभण राहू शकते, हेही मी नंतरच वाचलं.

सव्वा महिना संपला आणि वडीगोद्रीचे हॉटेलवाले काका पिकअपमध्ये लोखंडी पिंजरा टाकून दारात हजर झाले.

"चला वहिनी, कुठंय आपली पलटण?"

"आधी चहा घ्या भाऊजी. ती न्हाई येत. दोन जिवांची हाय."

काकांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मी गॅलरीकडे बोट दाखवलं.

"अगं, आत्ताच तर मोकळी झाली!" बाबा म्हणाले. "तुझा भाऊ तर म्हणला व्हता दोन्ही पाठी!"

"माझा भाऊ शेळ्या बघतो. तुम्ही तर पेपर वाचता, तुम्हाला कळालं का?"

"बरं, मंग पोरी द्या," काका म्हणाले.

"लेकरं आईपासून तोडू का?"

काका इतक्या दुरून आले होते आणि रिकामे जायच्या बेतात नव्हते. "बरं, मंग तो नर तरी द्या. लेकरं खूश होतील."

"जावई? न्या, खुशाल न्या," आई म्हणाली. "खाऊन खाऊन माजलाय."

काका उठले. बाबा पिंजऱ्याचं दार उघडायला पुढे झाले. जावई साडीच्या आडून, तोंडात शेपूची काडी घेऊन बघत होता. मला तो बेसिनशेजारचा ससा दिसला.

"काका, तो नाही येणार."

आवाज माझाच होता, पण ओळखायला सगळ्यांना थोडा वेळ लागला. मलाही.

"काय म्हणली?"

"तुमचा ससा एकटा आहे. मुलं त्याला स्ट्रॉ टोचतात. मी पाहिलंय. हे प्राणी एकटे नाही राहत. याला मी देणार नाही."

"लेकरं हाएत, करतेत जरा मस्ती."

"म्हणूनच नाही देणार."

बाबा म्हणाले, "ही कधीपासून बोलायला लागली?" काका हसले, पण ते हसू लवकर संपलं. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात अजून चहाचा ट्रे होता. तिने तो काढून घेतला आणि पिंजऱ्याकडे वळली. सळईला हात लावून पाहिला.

"मजबूत केलाय, भाऊजी."

"मंग! जालन्याचंच लोखंड हाय."

"पोरगी न्हाई म्हणते तर जाऊ द्या. पिंजरा तेवढा ठेवून जा. जावयाला खोली लागती."

काका चहा पिऊन, सोबत मोसंब्यांची पिशवी घेऊन गेले. पिंजरा माझ्या टेबलाच्या जागी, गॅलरीच्या जाळीला चिकटून बसला. लॅपटॉप आता मांडीवर असतो. जाळीच्या अलीकडून जावई घुरघुरतो, पलीकडून बायको आणि पोरी त्याच्याकडे पाठ करून घास खातात. तो लोखंडही चावून पाहतो, पण जालन्याचं लोखंड पुठ्ठ्यासारखं नाही. शेपू निवडताना आई कोवळी पानं बाजूला काढते आणि खोलीत येऊन म्हणते, "वाढा जावयाला." वाढते तीच.

दुसऱ्या खेपेला दोन पिल्लं झाली. साडी पुन्हा बांधली गेली, कूलर पुन्हा भिंतीकडे गेला. काकांचा अधूनमधून फोन येतो. पिंजरा कधी देताय, विचारतात.

बाबा आईकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि फोनमध्ये सांगतात, "सव्वा महिना होऊ दे."