बोटावरची तंगूस

जेट्टीच्या टोकाला दाजी रोज सकाळी गळ टाकून बसतात. पोस्टमनकीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा हा एकच छंद. माझ्याकडे महागडा रॉड आहे. त्यांच्याकडे बाटलीला गुंडाळलेली तंगूस, गळाची नायलॉनची दोरी. ती तर्जनीवर घेऊन ते डोळे मिटतात.

आज माझा रॉड थरथरला आणि मी झटक्यात ओढला. वर आली ती आमिषाचीच अर्धी कुरतडलेली कोळंबी.

"घाई केलंस," दाजी म्हणाले. "मासो नुसतो चाखून बघी होतो."

मग त्यांनी आपली तंगूस माझ्या बोटावर ठेवली. हळूहळू बोटाला कळू लागलं: लाटेची ओढ लांबट असते, खेकड्याची चाळवाचाळव खरखरीत. दाजी सांगतात, पाकीट हातात घेतलं की आत बातमी कसली आहे ते त्यांना उमगायचं. मला ते खोटं वाटायचं. आता वाटत नाही. न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी हाताला आधी कळतात. आपणच डोळ्यांची साक्ष मागत बसतो.

एवढ्यात तंगुशीला एक जड, शांत ओढ बसली. मी दाजींकडे पाहिलं नाही. ओढलं.